शेजारचे रकाने

आमच्या वर्धा-नागपूरच्या पट्ट्यात गरिबाघरी पणजोबाची आठवण निघते ती बारावीच्या निकालाच्या आसपास. पोरगं मेडिकलला नाहीतर इंजिनिअरिंगला जायचं असतं, जात पडताळणीचा अर्ज भरायचा असतो, आणि अर्ज विचारतो, जुना पुरावा काय आहे? अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा कागद लागतो, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 च्या, ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 च्या. तहसीलसमोरच्या झेरॉक्सवाल्याला या तारखा आपल्या पोरांच्या वाढदिवसांपेक्षा पक्क्या पाठ असतात. देशमुखांच्या, मालगुजारांच्या वाड्यात घराण्याचा इतिहास भिंतीवर टांगलेला असतो. आम्हाला तो शोधायला सरकारनं लावलं, आणि त्याबद्दल मी सरकारचा मनापासून आभारी आहे. हे तिरकस बोलणं नव्हे.

मुलीच्या वेळी घरात होता तो वडिलांचा शाळेचा दाखला, 1954 चा. चार वर्षांनी उशिराचा. वडिलांच्या जन्मसालाची गावची वही वाळवीनं खाल्लेली. म्हणून आज्याकडे जावं लागलं. आज्याचं नाव प्राथमिक शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात 1922 साली सापडलं, जातीसकट. काम झालं असं वाटलं, पण पडताळणीच्या टेबलावरच्या बाईंनी चष्मा वर करून विचारलं, "यात आडनाव कुठं आहे?" नव्हतंच. आज्याचं नाव, मग 'वल्द' (म्हणजे अमक्याचा मुलगा), मग पणजोबाचं नाव, संपलं. आडनाव आमच्या घरात वडिलांच्या पिढीला शाळेत चिकटलं. आणि पणजोबाचं नाव पडलेलं वारावरून. ज्या वारी जन्म, त्या वाराचं नाव, ही तेव्हाची सरळ रीत. त्यामुळे एकट्या आमच्या वस्तीत त्या नावाची तीन माणसं निघाली. यातला आमचा कोणता, हे सिद्ध करायचं होतं.

आधी जमिनीचे कागद बघावेत असं एका वकिलानं सुचवलं. वर्धा जिल्हा जुन्या मध्य प्रांतातला, तिथं मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा मालगुजार भरायचा. वऱ्हाडासारखी रयतवारी, म्हणजे शेतकऱ्यानं सरकारला थेट सारा भरायची पद्धत, नव्हती. बंदोबस्ताच्या मिसलीत, म्हणजे सारा ठरवताना केलेल्या गावच्या फाईलीत, गावाचा कण न् कण लिहिलेला असतो. वाजिब-उल-अर्ज म्हणून जो भाग असतो त्यात तर गावची वहिवाट असते: झाडांवर हक्क कोणाचा, पडीत जमिनीत कोणाची जनावरं चरायची, कोतवालाला किती धान्य द्यायचं. आंब्या-मोहाची दखल त्या कागदानं घेतली आहे. माझ्या पणजोबाची घेतलेली नाही, कारण त्याच्याकडे तास मारायलाही जमीन नव्हती. ज्याला सारा भरायचा नाही तो महसुलाच्या दफ्तरात जन्मालाच येत नाही. 1951 साली मालगुजारी गेली तेव्हा इतरांच्या घरी कागद आले, आमच्या घरी तेव्हाही नाहीत.

भूमिहीन माणसासाठी उरतं ते कोतवाल बुक. विदर्भात ज्यानं कोणी पडताळणीची फाईल लावली आहे त्याला हा शब्द नव्यानं सांगायला नको. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, याची ही वही. मध्य प्रांतात गावचा कोतवाल ठरलेल्या दिवशी वही काखेत मारून पोलीस ठाण्यावर जायचा, तोंडी सांगायचा, आणि ठाण्यातला मोहरीर, म्हणजे कारकून, लिहून घ्यायचा. कोतवाल बहुतेक वेळा निरक्षर, आणि आमच्याकडे बहुतेक वेळा महारच. म्हणजे आमच्या घरात काय घडलं हे आमच्याच माणसानं चालत जाऊन सांगितलं आहे आणि भलत्याच माणसानं लिहिलं आहे. आमच्या गावचा त्या वेळचा कोतवाल तर पणजोबाचा चुलतभाऊ. हे आत्याला तोंडपाठ होतं, आणि शेवटी तीन सारख्या नावांतून आमचा माणूस वेगळा काढायला तेच कामी आलं.

जुनी पानं मोडीत आहेत. वर्ध्याला एक निवृत्त मास्तर नोंदीमागे पैसे घेऊन मोडी वाचून देतात. ते पानाच्या वरून खाली बोट फिरवत जातात आणि जात आली की थांबतात, कारण येणाऱ्याला तेवढंच हवं असतं. "हे पाहा, म्हार. झालं तुमचं." मी म्हटलं, सर, बाकीचंही वाचा ना. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं. "बाकीचं म्हणजे?" म्हटलं, शेजारचे रकाने. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, हे इथं लिहून ठेवतो.

जन्माच्या पानावर तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, एवढंच. पोराचं नाव नाही, कारण बारसं व्हायच्या आत कोतवाल ठाण्यावर जाऊन आलेला असायचा. आईचं नाव नाही, कारण ते कोणी विचारलं नाही. मृत्यूच्या पानावर मात्र मेलेल्याचं नाव, वय आणि कारण. वय नेहमी पाचाच्या पाढ्यातलं: 25, 30, 45. लेकरांचं तेवढं खरं, कारण ते मोजायला सोपं. आणि कारणाच्या रकान्यात पटकी, देवी, हगवण, खोकला, साप, आणि नुसतं 'ताप'. निम्म्याहून जास्त पान तापानं भरलेलं.

गावच्या वहीत पणजोबाच्या नावावर पहिली नोंद 1911 च्या श्रावणातली, मुलगी. त्यानंतर एकदम 1917 चा ऑगस्ट, पुन्हा मुलगी. मधली सहा वर्षं कोरी. आजा तर याच सहा वर्षांतला, शाळेच्या हिशेबानं 1 जुलै 1915 चा. (ज्याची जन्मतारीख 1 जुलै, त्याची जन्मतारीख मास्तरनं ठरवलेली, हे आमच्याकडच्या पन्नाशीपुढच्या पुष्कळ लोकांना लागू पडेल.) पुढे 1920 आणि 1923 च्या नोंदी पुन्हा आहेत, दोन्ही पावसाळ्यातल्या. मास्तरांनी दोनदा पानं उलटवली. "नाही तुमचा आजा यात."

उलगडा झाला तो आत्यामुळे. ती आता पंच्याऐंशीच्या पुढं आहे, कानानं जरा कमी, बाकी शाबूत. मी कागद पसरून बसलेलो बघून आधी वैतागली. "काहून रे, मेल्या माणसायचे कागद कायले जमा करून राह्यला?" मग म्हणाली, "आबा कुठं गावात जलमला? आबा जिनातला."

म्हणजे हिंगणघाटातला. तिथं कापसाची मोठी पेठ. इथली बनी कापसाची जात एके काळी लांब धाग्यासाठी इंग्लंडपर्यंत नावाजलेली होती. पुढं जास्त रुई उतरणाऱ्या आखूड धाग्याच्या कापसानं तिला मागं सारलं. वरोऱ्याच्या कोळशासाठी 1870 च्या दशकात वर्ध्याहून जो रेल्वेचा फाटा काढला तो हिंगणघाटावरूनच गेला, आणि रेल्वेच्या मागोमाग जिन-प्रेसची, म्हणजे सरकी काढून रुईच्या गठाणी बांधणाऱ्या कारखान्यांची, धुराडी आली. कार्तिकात वेचणी सुरू झाली की बंड्यांची रांग लागायची ती होळीपर्यंत. पावसाळ्यात मालगुजाराच्या वावरात निंदण-डवरणी करणारी आमच्यासारखी घरं दिवाळी आटोपली की भांडीकुंडी बंडीत टाकून जिनाच्या आवाराला जाऊन राहत. होळी झाली की परत.

हे कळल्यावर शहराची वही मागितली. तीत 1913 चा जानेवारी, मुलगा. 1915 चा डिसेंबर, मुलगा. बापाचं नाव तेच, जात तीच, मूळ राहणार म्हणून आमच्या गावाचं नाव. दुसरा तो माझा आजा. शाळेच्या मास्तरनं त्याला सरळ पाच महिन्यांनी मोठा केला होता.

दोन वह्यांतल्या नोंदी एका जुन्या कालनिर्णयच्या मागच्या बाजूला ओळीनं मांडल्या तेव्हा त्या घराचं वर्षच समोर आलं. पावसाळ्यात झालेली लेकरं गावच्या वहीत, हिवाळ्यातली शहरच्या. पणजीचे दिवस कुठं भरले यावरून ती त्या महिन्यात कोणाकडे राबत होती ते कळतं. तिनं 1915 च्या पौषाच्या तोंडावर, सरकीच्या ढिगाशेजारी टाकलेल्या तुऱ्हाटीच्या खोपटात आज्याला जन्म दिला. खोपटाचं आत्यानं सांगितलेलं आहे, वहीतलं नाही. आत्याला तिच्या आजीनंच सांगितलं होतं, वर हेही की पाचव्या दिवशी ती मशिनीवर होती.

मशिनीवर म्हणजे काय, ते मी एका चालू जिनात उभं राहून बघितलं. आता कापूस नळीतून हवेनं ओढला जातो. जुन्या रुळाच्या जिनांना तो हातानं चारावा लागे. एकेक बाई मशिनीमागं बसून कापूस थोडा थोडा मोकळा करून रुळाच्या तोंडी द्यायची. चामड्याचा रूळ रुई ओढून पुढं न्यायचा, सरकी खाली गळायची. जास्त दिला तर मशीन अडकते, कमी दिला तर मुकादम ओरडतो. आजही तिथं पाच मिनिटांत माझ्या भुवया पांढऱ्या झाल्या आणि घशात तूस बसली ती संध्याकाळी गुळण्या करूनही जाईना. पुरुष बंड्या रिकाम्या करणं, बोजे वाहणं, गठाणी बांधणं यावर असत. पणजोबा प्रेसवर होता. गठाणीवरची लोखंडी पट्टी सुटून त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली होती, असं आत्या सांगते. बोटं कोणत्याच वहीत येत नाहीत.

कायदा होता का? होता. फॅक्टरी कायदा 1881 ला आला, 1891 ला सुधारला, पण वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखाने त्याच्या बाहेर. आमचे जिन हंगामी, म्हणून बाहेर. 1911 च्या कायद्यानं हंगामी कारखान्यांना आत घेतलं. त्याच कायद्यानं बायकांना रात्री कामावर ठेवायला मनाई केली, आणि कापसाच्या जिन-प्रेसला त्यातून सवलत दिली. पणजीच्या बाबतीत कायदा आला तो असा, एका हातानं देत आणि दुसऱ्यानं काढून घेत. आणि हे घडत होतं त्याच वऱ्हाड-मध्य प्रांतात जिथं कापूस विकणाऱ्याला वजन-मापात फसवू नये म्हणून 1897 ला वऱ्हाडात बाजाराचा कायदा झाला होता, कारंज्याला तर 1886 पासूनच नियमांचा बाजार होता. कापसाच्या भावाची काळजी कापूस चारणाऱ्या हातांच्या कितीतरी आधी घेतली गेली. यावर मला फार काही बोलायचं नाही, सालं शेजारी शेजारी ठेवली की पुरे.

आज्याचं शाळेचं रजिस्टर मी पुन्हा काढून बघितलं. आधी जातीपुरतं बघितलं होतं. आता दिसलं की तो जुलै 1922 ला दाखल झाला आणि नोव्हेंबरात खारीज. कारण, 'सतत गैरहजर'. जुलै 1923 ला पुन्हा पहिलीतच दाखल, डिसेंबरात खारीज. 1924 ला आणखी एकदा. पहिली तीनदा सुरू झाली आणि एकदाही संपली नाही. मास्तरनं शेऱ्यात एकदा 'आळशी' असंही लिहिलं आहे. दिवाळीनंतर पोरगं हिंगणघाटला जातं आणि होळीला येतं हे त्याला ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही, अख्खी वस्तीच जायची. 1922 च्या दुरुस्तीनं कारखान्यात 12 वर्षांखालचं पोर ठेवायला बंदी आली होती. सात-आठ वर्षांचा आजा मशिनीवर नसेलही. धाकट्यांना सांभाळत असेल, बंडीतून सांडलेला कापूस वेचत असेल. आईच्या मागं बसून तिच्या हातात कापूस देत असेल तर तो हजेरी पुस्तकात कशाला येतोय? ती हजेरी पुस्तकंही आता नाहीत. जिनाच्या जागेवर प्लॉट पडले आहेत आणि एक मंगल कार्यालय आहे.

आता 1918.

गावच्या वहीत त्या वर्षीचा ऑक्टोबर उघडला तर आधी काहीच नाही. सप्टेंबरच्या शेवटापासून तीन आठवडे कोरे. एरवी दर आठवड्याला दोन-चार ओळी असणाऱ्या वहीत हे कोरं पान बघून मला बरं वाटलं, इन्फ्लुएंझाची साथ आपल्या गावाला चुकली म्हणून. मास्तरांनी पान उलटलं. पुढच्या दोन पानांवर एकाच तारखेला, एकाच हातानं, एकाच शाईनं लिहिलेल्या ओळी, वरपासून खालपर्यंत. कारणाच्या रकान्यात पहिल्या ओळीत 'ताप', आणि त्याखाली प्रत्येक ओळीत नुसत्या दोन रेघा. त्यात अकराव्या ओळीवर कोतवालाचं स्वतःचं नाव. ठाण्यावर जाऊन सांगणारा माणूसच गेला होता, म्हणून तीन आठवडे गावात कागदोपत्री कोणी मेलं नाही. ही नोंद नव्या कोतवालानं दिलेली, तो त्याचाच मुलगा. पहिल्याच फेरीत त्यानं बापासकट सगळ्यांची यादी नेली.

'ताप' म्हणजे इन्फ्लुएंझा. तेव्हाच्या सरकारी आकड्यांतही या साथीतले बहुतेक मृत्यू तापाच्याच सदरात पडले, कारण गावपातळीवर दुसरं सदर नव्हतं. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाला तडाखा देशातल्या सर्वांत वाईटांपैकी. त्यात त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेलेला, धान्य महाग झालेलं. आजच्या हद्दीतल्या भारताची लोकसंख्या 1911 ला सुमारे 25.2 कोटी होती, 1921 ला 25.1 कोटी. दहा वर्षांत माणसं वाढायची ती घटली. शाळेत हे 'महाविभाजनाचं वर्ष' म्हणून पाठ केलं होतं, लोकसंख्येच्या धड्यात, दोन मार्कांना.

यादीत पणजोबाच्या दोन लेकी आहेत. धाकटीची ओळ आधी, वय 1. चार ओळींनंतर थोरली, वय 7, श्रावणातली. जन्माच्या पानावर तिला नाव नव्हतं, इथं आहे. मास्तरांनी ते मोठ्यानं वाचलं, आणि ते माझ्या आत्याचं नाव होतं.

आत्याला हे माहीत नव्हतं. तिच्या वडिलांनी, म्हणजे आज्यानं, आपल्या पहिल्या मुलीचं नाव आपल्या गेलेल्या बहिणीवरून ठेवलं आणि कधी सांगितलं नाही. 1918 ला तो पुरता तीन वर्षांचाही नव्हता, त्याला ती आठवत असेल असंही नाही. ते नाव पणजीनं ठेवायला लावलं असणार. मी आत्याला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ पदराच्या काठाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "म्हणून बुढी मले कधी नावानं हाक नोती मारत. 'ए पोरी' म्हणे." आणि लगेच, "तिचं नाव लिहिलं का रे कुठं? बुढीचं?"

लिहिलेलं नाही. पणजीची मृत्यूची नोंद 1943 ची आहे आणि तिथं ती 'जौजे', म्हणजे अमक्याची बायको, म्हणून पणजोबाच्या नावामागे उभी आहे. पणजोबा तोवर जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्याची नोंद 1934 ची, वय 45, कारण खोकला. वीसेक हंगाम रुईच्या धुळीत काढलेल्या माणसाचा खोकला, एका शब्दात. बायकांच्या नावाचं हे दुखणं स्वातंत्र्यानंतरही लगेच गेलं नाही. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतदार यादीतून सुमारे 28 लाख बायका वगळाव्या लागल्या, कारण त्या स्वतःचं नाव सांगायला तयार नव्हत्या, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगत होत्या. माझ्या आजीचं नाव यादीत होतं की नाही हे शोधायचं अजून बाकी आहे.

शाळेच्या रजिस्टरातली एक गोष्ट राहिली. वडिलांच्या 1954 च्या ओळीत जात महार आहे. धाकट्या काकाच्या 1958 च्या ओळीत त्याच रकान्यात 'बौद्ध', ठळक, थोडं रकान्याबाहेर आलेलं. मधे 14 ऑक्टोबर 1956 होऊन गेला होता. आजा पायी आणि मालगाडीनं नागपूरला गेला होता, दीक्षा घेऊन आला. अठरा दिवसांनी, 1 नोव्हेंबरला, विदर्भ, नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशातून निघून, मुंबई राज्यात गेला. आज्याच्या लेखी त्यातली दुसरी घटना घडलीच नव्हती. तो मरेपर्यंत राजधानीला 'नागपूर' म्हणायचा.

मुलीची पडताळणी झाली. फाईलमध्ये जी वंशावळ जोडायची असते तिच्यात बाप, आजा, पणजोबा, सगळे पुरुष. बायकांना आणि लहानपणी गेलेल्यांना जागा नाही, कारण त्यांच्यापासून सहसा कोणाला जात मिळत नाही. घरी आत्यानं वेगळी काढायला लावली. तिच्यात पणजीचं नाव आत्याच्या आठवणीतून घातलं आहे, 1913 चा तो मुलगा आहे, जो वर्षाच्या आत हगवणीनं गेला, त्याच्या चौकोनात नुसतं 'मुलगा', आणि आत्याचं नाव दोनदा आहे. दुसऱ्यांदा बघून मुलगी म्हणाली, चुकून रिपीट झालंय. आत्या तिच्यावर खेकसली.

आता धाकट्या काकाच्या नातवाची वेळ आली आहे. परवा त्याचा फोन आला, दादा, तुमच्याकडे नकला आहेत म्हणे, पाठवा ना. मी सगळ्या पाठवल्या, दोन्ही वह्यांच्या, शाळेच्या, मोडीच्या वाचनासकट. दहा मिनिटांत त्याचा मेसेज आला, "यातलं जातीचं पान कोणतं?"

कळवलं, शहराची वही, डिसेंबर 1915, खालून तिसरी ओळ.